रिकामा फोटो

दार लोटून घ्या आणि ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडलं, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नव्हता.

प्रयोगशाळेत तो वाळूच्या जातीचे, डोळ्यांना न दिसणारे चमकते कण बनवायचा. उंदराला टोचले की ते कॅन्सरच्या गाठीपाशी जमायचे आणि अंधाऱ्या पेटीतल्या कॅमेऱ्यात तेवढीच जागा उजळायची.

त्याची ताई इस्पितळात होती. गाठ काढून झाली होती, तरी दुखणं आत कुठेतरी पसरलं होतं. कुठे, ते एकाही तपासणीत सापडेना. त्या मंगळवारी संध्याकाळी तिने त्याचा हात धरला.

"तुझे ते कण मलाच टोच ना रे. कुठे दडून बसलंय ते तरी कळेल."

"ताई, माणसांसाठी परवानगी नाही अजून."

"मग मला उंदीर समज," म्हणून ती हसली. त्याला मात्र रडू आवरेना. उंदरांसाठी रोज करायचा ते सख्ख्या बहिणीसाठी करता येत नव्हतं. हातच बांधलेले.

सकाळच्या कामासाठी पेटी तपासून ठेवायची होती. "अर्ध्या तासात आलोच," असं सांगून तो निघाला.

आमच्याकडे नियम असा, की आधी रिकाम्या पेटीचा फोटो घ्यायचा. पूर्ण काळा आला, की पेटी चोख. त्याने पेटीतली उंदीर ठेवायची थाळी पुसली. दार लावलं. दिवे घालवले. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

फोटो काळा नव्हता.

थाळीवर वीतभर काहीतरी अंधुक उजळलं होतं. त्याने थाळी पुन्हा पुसली. पुन्हा फोटो घेतला.

कुशीवर झोपलेली बाई... गुडघे पोटाशी... गालाखाली तळवा...

ताई अशीच झोपायची.

आणि पाठीत, कण्याच्या डावीकडे, एक ठळक ठिपका.

त्याने भावोजींना फोन लावला.

"डॉक्टरांना सांगा... पाठीत बघा... कण्याच्या डावीकडे..."

पलीकडून हुंदका ऐकू आला.

"भावोजी?"

"गेली रे ती... आठ चाळीसला."

...

पुढे थाळी बदलली, कॅमेरा बदलला, शेवटी पेटीच नवी आणली. बाई पुन्हा कधी दिसली नाही. तो ठिपका मात्र प्रत्येक रिकाम्या फोटोत येतो. त्याच जागी.