लाखेवरचा अंगठा

बाटली तुम्हाला मिळणार नाही, साहेब, हे आधीच सांगून ठेवते. आता चहा घ्या. बोट सुटायला वेळ आहे. ती विकत घ्यायला एडिंबरोहून एवढे लांब आलात, तर का मिळणार नाही तेवढं ऐकून जा.

कार्नबानची व्हिस्कीची भट्टी बंद झाली, त्या दिवशी शेवटच्या पिंपातली शेवटची बाटली मी भरली. बूच मी ठोकलं. लाल लाख मी वितळवली आणि ती मऊ होती तोवर तिच्यावर अंगठा दाबला, तोही मीच. हा बघा. फुटक्या काचेने कापलेला, आडवा वण आहे. आणि पुरुषांनी? त्यांनी भट्टीपाशी उभं राहून आपापसांत ठरवलं, की आपल्यातला जो शेवटचा उरेल त्याने ही फोडायची, बूच आगीत टाकायचं आणि गेलेल्यांच्या नावाने संपवायची. बूच एकदा आगीत गेलं की बाटली परत मिटायची नाही, ही आमच्या बेटाची रीत.

मी विचारलं, "आणि आम्ही बायका?"

माझा दीर रुअरी हसला. "वहिनी, तुम्ही ग्लास धुवा."

सांभाळायला मात्र माझ्याच घरी आली. माझा नवरा टॉर्किल म्हणाला, हिच्या हातून काही फुटत नाही. त्या दगडी कपाटात ठेवली, उजेड लागणार नाही अशी, उभी. शहरातले हौशी लोक आडवी निजवतात आणि मग दारूने बूच खाल्लं म्हणून रडतात. मी कधी आडवी होऊ दिली नाही. टॉर्किल गेला, मग बाकीचेही एकेक करून गेले. दर मयताहून परतताना रुअरी इथे यायचा, कपाट उघडायचा, बाटली उजेडात धरून बघायचा. चोराच्या घरी आल्यासारखा.

गेल्या आठवड्यात त्यालाही पुरलं. उरलेली ओटची बिस्किटं घेऊन मी दुपारी घरी आले. हिवाळ्यात इथे चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. दिवा लावला, शेगडी पेटवली, बाटली काढून टेबलावर ठेवली. मी उरले होते. आता कोण अडवणार होतं मला?

लाखेला सुरी लावली आणि वास आला. पीटच्या धुराचा, भट्टीत सातू वाळवायला जाळायचे त्या दलदलीतल्या मातीचा. माझ्या शेगडीत कोळसा जळतो, साहेब, पीट या घरात कित्येक वर्षांत आलेलं नाही. धुरामागून भिजलेल्या सातूचा वास. मग आवाज... भट्टीच्या माडीवर लाकडी फावड्याने सातू परतायचे ना, तसा. खर्र... खर्र... वर, माडीवर.

माझ्या घराला माडी नाही.

मागे खुर्ची करकरली. मी वळले नाही.

"वहिनी... ती आमची आहे."

"उरेल त्याची आहे, भावोजी. तू तर दुपारीच खड्ड्यात गेलास. मूठभर माती मी टाकली."

"बायका... धरल्या नव्हत्या..."

"तुम्ही नव्हत्या धरल्या. भरली कोणी?"

मग सगळ्याच खुर्च्या करकरल्या.  मी तरी सुरी फिरवली. बूच उपसलं, आगीत टाकलं. निळं जळलं. पहिला घोट मी घेतला, आणि गेलेल्यांच्या नावाने नाही. माझ्या नावाने. मग एकेका खुर्चीपुढे एकेक ग्लास ठेवून बाटली रिकामी केली. धुतलेले ग्लास होते. मीच धुतले होते.

खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं. मी दिवा मोठा केला नाही. अंथरुणावर जाऊन पडले.

सकाळी ग्लास कोरडे, टेबलावर पालथे. बाटली कपाटात उभी, गळ्यापर्यंत भरलेली. बूच जागेवर, लाख अखंड. तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता, पण अर्धाच. रुअरीच्या अंगठ्याचं टोक धान्य दळायच्या यंत्रात गेलं होतं.

माझी बाटली मला परत मिटवून दाखवता, मेल्यांनो? संध्याकाळी मी ती पुन्हा फोडली. दुसऱ्या दिवशीही फोडली. रोज बूच जाळते, रोज ओतते आणि रोज पहिला घोट घेते. सकाळी ती भरलेली असते. ठसे तेवढे बदलतात. एकदा टॉर्किलचा होता. त्या दिवशी त्याला चार शब्द सुनावले आणि मगच फोडली.

हसू नका. उठा, कपाट उघडा. हळू काढा, लाख अजून ऊन असेल.

काय म्हणालात? आडवा वण?

हो. आज माझा आहे. सकाळी बघितला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, शेवटी धरलं मला. एवढी वर्षं लागली मेल्यांना. मग वाटलं, कुणात धरलं?

असू दे. संध्याकाळी पुन्हा फोडणारच आहे. ज्यांना बसायचं त्यांनी बसावं, पण आजपासून ग्लास त्यांनी धुवायचे.

नाही, साहेब, मी नाही मिटवली. या घरात लाखेचा तुकडाही नाही, हवं तर शोधा. आणि माझ्या हाताकडे असं बघू नका. नखात ते लाल काय आहे, ते मलाही आज सकाळीच दिसलं.