वज्राचे पाय

दूध करपलं तेव्हा गौतमी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत येऊन पाहते तो पातेल्यातून काळा धूर निघत होता, आणि शेगडीपासून दोन हातांवर तिची भाची शाल्मली ओट्याला पाठ टेकून चित्रकथा वाचत बसली होती. हातातल्या घडी होणाऱ्या फोनच्या पडद्यावर चित्रं हलत होती.

"अगं शालू, नाक कुठं गहाण टाकलंस? दुधाचा कोळसा झाला की!"

"मला नाही वास आला, आत्या," पोर मान वर न करता म्हणाली.

गौतमीने सवयीने आधी फडकं घेतलं, पातेलं उतरवलं आणि तशीच उभी राहिली. तिला स्वतःला जन्मापासून वास येत नव्हता. या घरात दूध, गॅस, आंबलेली आमटी, सगळं हुंगायचं काम नऊ वर्षांच्या शालूचं. शेजारी फोडणीत हिंग पडला तरी सांगणारी ही पोर. आणि आज धुरात बसून तिला काही कळलं नाही?

"पाय दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

मोजा टाचेला चिकटला होता. ओढून काढला तर आत रक्त सुकलेलं, आणि मधोमध काचेचा तुकडा रुतलेला.

"खेळताना घुसला असेल," शाल्मली वाकून कौतुकाने बघू लागली. "दुखत नाही काही. आत्या, मीपण वज्रा झाले! बाबा म्हणाले, तुला इतक्यात सांगायचं नाही."

चित्रकथांमध्ये जनुकातलं एखादं अक्षर बदललं की माणूस आकाशात झेपावतो, डोंगर उचलतो. गौतमीचं असं एक अक्षर जन्मतःच बदललेलं होतं, आणि त्याने फक्त तिच्या आईची झोप उडवली. दुखल्याची वार्ता नसांमधून मेंदूकडे जाते ती काही सूक्ष्म दारांतून. गौतमीची ती दारं उघडतच नसत. वासाची वार्ताही तशाच दारांतून जाते, म्हणून तीही बंद. आई जयसिंगपूरला चिरमुऱ्यांच्या भट्टीवर कामाला होती. दोन वर्षांच्या गौतमीने तिथल्या तापल्या वाळूत हात घातला आणि हसत राहिली. त्या दिवसापासून घरात रोज दिवेलागणीला तपासणी सुरू झाली. तळवे, टाचा, कोपरं, जीभ, मानेची मागची बाजू. आई गेल्यावर हे काम थोरल्या भावाने, म्हणजे शालूच्या बाबांनी, प्रल्हादने, अंगावर घेतलं. बघून झालं की तो म्हणायचा, "काही नाही." त्या दोन शब्दांवर गौतमी निर्धास्त झोपायची.

त्यानेच लहानपणी तिला वज्रा म्हणून रंगवलं होतं, न दुखणारी महानायिका. पुढे तो चित्रकार झाला आणि वज्रा घरोघर पोचली. मग एका कंपनीचे संशोधक आले. गौतमीच्या रक्तावरून त्यांना इंजेक्शनची अशी टोचणी बनवायची होती, जी कुणाच्याही नसांमधली ती दारं बंद करेल. तिने रक्त दिलं ते एकाच अटीवर: ज्यांना वेदना सोसवत नाहीत, त्यांनाच ही द्यायची. प्रल्हाद तेव्हा शेजारीच बसला होता. त्याची बायको कर्करोगाने तळमळत होती. टोचणी तयार होण्याआधीच ती गेली.

गौतमीने शालूच्या हातून पडदा घेतला. उद्या शाळेत या नव्या चित्रकथेचं प्रकाशन होतं आणि प्रमुख पाहुणी तीच होती. प्रल्हादने तिला कच्ची चित्रं दाखवली होती. शेवटच्या पानावर वज्रा स्टुलावर बसली होती आणि भाऊ तिचे तळवे तपासत होता. ते पान बघून गौतमीने यायचं कबूल केलं होतं.

तिने शेवटचं पान उघडलं. वज्रा डोंगरमाथ्यावर उभी होती. स्टूल नव्हतं, भाऊ नव्हता. खाली लिहिलं होतं: 'तूही वज्रा हो! उद्या शाळेत सर्व मुलांसाठी टोचणी शिबिर.'

प्रल्हाद घरी आला तेव्हा काचेचा तुकडा बशीत पडला होता आणि शालूच्या टाचेला पट्टी होती.

"हे काय?"

"तुझ्या लेकीच्या पायातलं. कधीपासून घेऊन हिंडतेय कोण जाणे."

त्याने बशीतला तुकडा उचलून पाहिला. "मी आज बघणारच होतो."

"टोचलंस कधी?"

"शनिवारी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस. उद्या मला तिथं मिरवायला मात्र नेणार होतास. उतरतं का रे हे?"

"पाच-सहा वर्षं राहतं म्हणतात."

"म्हणतात!"

"गौतमे, तिची आई कशी ओरडायची ते तू ऐकलंस. पोरीच्या वाट्याला ते नको, एवढंच होतं माझ्या मनात. तुला ते..." तो थांबला.

"बोल की. मला ते कळायचं नाही. मला कुठं काय दुखतं!" ती म्हणाली. "शेवटचं पान कुणी काढलं?"

"कंपनीवाले म्हणाले, मुलं घाबरतील. आईबाप माघार घेतील."

"अरे, त्यासाठीच तर होतं ते पान! उद्या मी येणार, दादा. पण चपला काढून मंचावर बसणार. करंगळी गेलेली, टाच कुरतडलेली, सगळं बघू दे लोकांना. मग ज्याला टोचून घ्यायचंय त्याने घ्यावं."

"माझं नाव मातीत जाईल."

"आणि त्या पोरांच्या टाचा रोज कोण बघणार? तू जाणार आहेस घरोघर?"

बाहेर दिवे लागले होते. प्रल्हादने रोजच्यासारखं स्टूल पुढे ओढलं, आणि गौतमीही रोजच्यासारखी बसली. त्याने तळवे पाहिले, कोपरं पाहिली, जीभ पाहिली. केस बाजूला करून मानेमागे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला.

ती उठली नाही. ते दोन शब्द आज तिला पुरेनात.

"शालू, तू बघ गं माझ्या मानेमागे."

"मी बघितलं ना आत्ताच?" प्रल्हाद म्हणाला.

"तिला बघू दे."

शाल्मली आली. पट्टी बांधलेल्या टाचेवर सगळा भार देत, जराही न लंगडता आली. तिचा श्वास गौतमीला मानेवर जाणवला.

"आत्या, इथं लाल झालंय. नेहमी असतं का?"

"जुनंच आहे ते," प्रल्हाद लगेच म्हणाला.

गौतमीने मानेमागे हात नेला. बोटांखाली कातडी लागली, बाकी काहीच कळेना. आता हे कुणाला विचारायचं?