रोपांची वामकुक्षी

खोलीला खिडकी नव्हती, छत पक्कं होतं, नळही टिपूसभर गळत नव्हता. तरीही स्ट्रॉबेरीची पानं चिंब भिजली होती आणि फळांपासून देठांपर्यंत राखाडी बुरशी चढून रोपं कुजली होती.

"ऊर्मी, हे पाणी आलं कुठून?" आजोबांनी विचारलं. डोळ्याचं ऑपरेशन करून ते नुकतेच पाचगणीला परतले होते.

पाचगणीच्या डोंगरावर स्ट्रॉबेरी पिकेनाशी होऊन बरीच वर्षं लोटली होती. उन्हाळा घाट चढून वर आला होता. म्हणून आजोबांनी या बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, उन्हाला टक्कर देणारी रोपं निवडून निवडून तयार केली होती. येत्या थंडीत ती बाहेर मातीत लावायची होती. आजोबांची सारी उमेद त्या रोपांवर होती.

"मशीन बंद केलंस का?"

"फक्त दुपारी," ऊर्मी पुटपुटली. "रोपं झोपलेली असायची ना! आणि घोरासुर केवढा घरघरतो!"

घोरासुर म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र. हे नाव तिनंच ठेवलेलं. या खोलीत रात्र दुपारी व्हायची. बाहेर गारवा असला की खोलीतली उष्णता बाहेर फेकायला वीज कमी लागते, म्हणून दिवे रात्री लावायचे आणि दुपारी बंद ठेवायचे. आता या घरात आजोबांची वामकुक्षी म्हणजे देवपूजेसारखी. त्या वेळी भांडं वाजलं तरी आई डोळे वटारायची. अशा घरातल्या मुलीला रोपांच्या झोपेचीही काळजी वाटली, यात नवल ते काय?

आजोबा रागावले असते तर ऊर्मीला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता गार पाण्याचा तांब्या आणून तिच्यासमोर ठेवला. बघता बघता तांब्याला घाम आला.

"हे पाणी आतून झिरपलं?"

"नाही. हवेतलं."

"बरोबर. उबदार हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. हवा गार होत गेली की एका तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं. तो दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरू लागतं ते). आता सांग, खोलीत वाफ कुठून आली?"

ऊर्मीनं विचार केला. "पानांतून? बाष्पोत्सर्जन (पानांनी वाफेच्या रूपात पाणी बाहेर टाकणं)?"

"शाब्बास. दिवे चालू असताना खोली तापते, एसी सतत चालतो आणि त्याच्या गार नळ्यांवर ही वाफ पाणी होऊन निथळून जाते. दिवे विझले की एसी थांबतो. पानं मात्र थोडी थोडी वाफ सोडतच असतात. हवा निवते, ओल पानांवर बसते आणि बुरशीचं फावतं. खरी गरज तेव्हाच असते त्या यंत्राची."

"म्हणजे मीच मारलं त्यांना." ऊर्मीचे डोळे भरून आले. वाईट वाटून रोपं परत येणार नव्हती, हे तिला कळत होतं.

"चूक माझीही आहे," आजोबा खिन्नपणे म्हणाले. "हात लावू नकोस एवढंच बजावलं. का, ते सांगितलंच नाही. वाटलं, लहान आहेस."

ते ट्रे तपासत गेले. पंख्यासमोरची थोडी रोपं वाचली होती. वाहत्या हवेनं त्यांची पानं कोरडी राहिली होती.

"यांच्यापासून पुन्हा वाढवता येतील?"

"येतील. पण पुन्हा वाढवायची, पुन्हा पारखायची. डोंगरावर जायला बरीच वर्षं लागतील."

आजोबांनी ऐंशी ओलांडली होती. ऊर्मीनं मनातल्या मनात बेरीज करायला घेतली आणि ती अर्ध्यावरच सोडून दिली.

आजोबांनी एक कोंब अलगद उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"आजपासून लावायचं काम तुझं. मी बाजूला बसून सांगेन."

"तुम्हीच लावा ना, आजोबा."

"नको. डोंगरावर हे तुलाच लावायचंय. आत्तापासून हात बसू दे."

ऊर्मीनं बोटानं मातीत खड्डा केला.