अब्बांची पावडर, अम्मींची बाटली

माणगावात दवाखान्याखालच्या मेडिकलसमोर गर्दी होती. वरून पाऊस कोसळत होता, आणि माझ्या कोपराचा धक्का लागून शेजारच्या माणसाची छत्री खाली पडली. मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्यानं छत्री उचलली आणि सरळ माझ्या डोक्यावर धरली.

“आधी तुम्ही घ्या. चिठ्ठी भिजतेय तुमची.”

चिठ्ठी अब्बांची होती. महिनाभर त्यांना संडासवाटे रक्त जात होतं. परवा त्यांच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी होती, आणि त्याआधी पोट अगदी स्वच्छ करायचं औषध न्यायला मी आले होते.

“तुमच्याकडेही दुर्बीणच?” त्यानं चिठ्ठीत डोकावत विचारलं. “आमच्या अम्मीचीही परवाच आहे. पण आमचं काम सोपं. एवढीशी बाटली! तुमची तर दोन लिटर पाण्यात कालवायची पावडर... बिचारे!”

“बिचारे कुणाला म्हणता? माझे वडील जहाजावर सारंग होते, खलाशांचे म्होरके. वादळं पचवलीत त्यांनी. दोन लिटरचं काय घेऊन बसलात!”

तो हसला. हसताना त्याच्या पापणीवरचा पावसाचा थेंब गालावर उतरला... आणि मी उगाचच औषधांच्या कपाटाकडे बघत राहिले.

त्याचं नाव तौहीद. बोर्ली पंचतनचा. मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मी इनशा, श्रीवर्धनच्या शाळेत गणित शिकवते असं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग हिशेब तुम्हीच ठेवा. पावडर जिंकते की बाटली ते बघू. नंबर घ्या माझा — हरलात की कळवायला.”

“जिंकले की कळवीन,” मी म्हटलं. आणि नंबर घेऊन त्याला मिस्ड कॉल दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अब्बांचं औषध कालवायला पिशवी उघडली, तर आत बाटली! दुकानदारानं गर्दीत पिशव्यांची अदलाबदल केली होती. अब्बांची किडनी कमजोर. ती बाटली त्यांना अजिबात देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. श्रीवर्धनच्या दुकानांत पावडर मिळेना. मी फोन हातात घेते तोच तो वाजला.

“इनशा? तौहीद बोलतोय. तुमच्या अब्बांनी ती बाटली घेतली नाही ना?”

“नाही... अजून नाही.”

“अल्लाचा शुक्र! देऊ नका. पत्ता पाठवा, मी निघालोय.”

घाटातल्या वळणांनी, धो धो पावसात, तो मोटरसायकलवरून आला. नखशिखांत भिजलेला. अंगातला रेनकोट मात्र पिशवीभोवती गुंडाळलेला — आणि पिशवी कोरडी ठणठणीत.

“चहा तरी घ्या,” मी म्हटलं.

“नको, अम्मी एकटी आहे. ऐका — पावडर कालवून फ्रिजमध्ये ठेवा. गार झाली की स्ट्रॉनं प्यायला द्या, मधे लिंबाची फोड चोखायला.” बाटली घेऊन तो वळला, थांबला. “आणि अब्बांना म्हणावं, बोर्लीची माणसं त्यांच्या हिमतीवर पैज लावून बसलीत.”

पैजेचं ऐकून अब्बांनी पहिला पेला एका दमात रिकामा केला. दुसऱ्याला मात्र तोंड वाकडं झालं.

“याच्यापरीस खाजणातला खारा पानी बरा! जरा कोकमाचा सरबत दे गो.”

“लाल काही चालत नाही, अब्बा. आत लाल दिसलं की डॉक्टरांना रक्त वाटायचं.”

“मंग तुझा तो बोर्लीवाला पैज हरंल ना!” असं म्हणत त्यांनी दुसरा संपवला. ‘तुझा’ म्हणाले... मी ऐकलंच नाही असं दाखवलं. अर्धी पावडर त्या संध्याकाळी, उरलेली सकाळी उठल्यावर. शेवटचा पेला त्यांनी उलटा करून दाखवला.

तपासणीनंतर डॉक्टर बाहेर आले ते हसतच. “आतडं इतकं स्वच्छ होतं की घडीआड लपलेली छोटी गाठसुद्धा दिसली. मुळासकट काढली. वेळेत आलात.” अब्बा गुंगीतून उठले आणि वॉर्डभर सांगत सुटले, “करमअली सारंगाचा काम हाय, थेंब ठेवला न्हाय!”

अम्मींची तपासणीही तिथेच होती. मी धावतच तौहीदला गाठलं. “पावडर जिंकली!”

“जिंकली,” तो हसून म्हणाला. पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. अम्मींचं पोट पुरतं साफ झालं नव्हतं. काही नीट दिसलंच नाही. सगळं पुन्हा करावं लागणार होतं.

तो कॅन्टीनमध्ये गेल्यावर महेरुन्निसा अम्मींनी मला खाटेजवळ बोलावलं.

“त्याला काय बोलू नको हां, पोरी. चूक माझी. बाटलीनंतर लिटरभर पाणी प्यायचं होतं. तो तुझ्याकडं आला, बाटली उशिरा सुरू झाली. मला झोप आली. मी पाणी अर्धंच घेतलं नि त्याला सांगितलं, प्याले सगळं.”

“पण... तौहीदनाही तुमच्यासाठी बाटली परत हवीच होती ना?”

“कुठं? डॉक्टरांना फोन केला होता त्यानं. पावडर मला चालली असती, पण तुझ्या अब्बांना बाटली चालणार नाही म्हणाले. घरीच बसला असता तरी माझं काम झालं असतं.” त्यांनी माझा हात धरला. “म्हणाला, अम्मी, तिकडं एका माणसाच्या जिवाला धोका आहे. मी म्हटलं, जा मग. असा मुलगा वाढवलाय मी.”

बोलताना त्यांची मान ताठ झाली होती. आणि मला मात्र माझं “जिंकली” तोंडात परत कोंबावंसं वाटत होतं.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीनं बोर्लीला गेले. दारात मला बघून तौहीदच्या हातातला पाना खाली पडला.

“तुम्ही... इथे?”

“हिशेब माझ्याकडे दिलाय ना? मग बाटलीला तिची पुरती संधी मिळायला हवी.”

गाळलेलं सूप, शहाळ्याचं पाणी, मग बाटली, मग पाणी... पेल्यामागून पेला. अम्मी प्रत्येक पेल्याला त्याच्या लहानपणीची एकेक खोडी सांगत होत्या, आणि तो चौकटीला टेकून “अम्मी, बस ना!” म्हणत लाल होत होता. मी हसायचे, तो बघायचा. मी बघितलं की तो खिडकीबाहेर. सकाळचा डोसही तसाच, शेवटच्या घोटापर्यंत.

या वेळी सगळं स्वच्छ दिसलं, आणि काळजीचं काहीच निघालं नाही. “डॉक्टर, चांगलं औषध कुठलं?” मी विचारलंच. “ज्याच्या तब्येतीला चालतं आणि जो ते पूर्ण घेतो, त्याच्यासाठी ते चांगलं,” ते म्हणाले.

आठवड्याभरानं अब्बांच्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. ते सांगायला मी फोन केला नाही. थेट दिघीच्या जेट्टीवर गेले. तौहीद एका होडीच्या इंजिनात कोपरापर्यंत बुडाला होता. ऐकताच इंजिनातून हात काढून तो लाकडी फळीवर बसला. डोळे पुसायला गेला, तर काळं तेल गालभर.

“त्या दिवशी घरी बसून चाललं असतं तुम्हाला,” मी म्हटलं. “सांगितलं का नाहीत?”

“सांगून काय... उपकार थोडेच केले होते?”

खाडीवरून खारा वारा येत होता. माझी ओढणी फडफडत होती, आणि छातीतही काहीतरी तसंच.

“मी इथे एक विचारायला आलेय. आजवर आलेल्या सगळ्या स्थळांना मी नाही म्हटलंय. कारण कुणाचंही नाव सांगताना मान वर होईल असं वाटलं नाही. आता वाटतं. माझ्याशी... लग्न करशील?”

‘करशील’ निघून गेलं तोंडातून. परत घ्यायची इच्छाही नव्हती.

तो उभा राहिला. हात तेलकट म्हणून पाठीमागे लपवलेले.

“इनशा... तू शाळेत बाई. मी हा असा. लोक विचारतील, नवरा काय करतो?”

मी त्याचे हात पुढे ओढून घेतले. तेलासकट. जेट्टीवरचे कोळी जाळी सोडून आमच्याकडेच बघत होते. बघू देत.

“विचारू देत ना,” मी म्हटलं. “मला सांगायचंच आहे सगळ्यांना.”