बाहेरून लावलेलं दार

उद्या कॉलेजात तुमचं ओरिएंटेशन ना? मग ओट्यावर जरा जवळ सरकून बसा आणि ऐका. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात श्रीपाद सर शिकवायचे, माझ्या चांगल्या ओळखीचे. गेल्या साली, नागपंचमीच्या आधीच्या रविवारी, रात्री नवाच्या सुमारास ते माईक तपासायला हॉलवर गेले. सकाळी नव्या पोरांचं स्वागत होतं.

माणूस वाईट नव्हता. फक्त रिकाम्या खुर्च्या दिसल्या की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आदल्या वर्षी अशाच स्वागताला पाहुणे तीन तास उशिरा आले. पोरं पळून जाऊ नयेत म्हणून सरांनी शिपाई भिमाला बाहेरून कुलूप घालायला लावलं. विंझरच्या वरच्या वाडीतली रत्ना दाराशी आली. हातात स्वागताचा गुलाब.

"सर, माजी शेवटची गाडी जाईल वो. आबा फाट्याव उभं असत्याल."

"बस खाली. पाहुण्यांचं भाषण व्हायचंय."

भाषण झालं. मुलींनी निर्भयपणे पुढं यावं, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. एसटी कधीच गेली होती. रत्ना अंधारात चालत निघाली आणि वाटेत एका टेम्पोनं तिला उडवलं. बाप फाट्यावर बॅटरी घेऊन उभाच. कॉलेजानं दोन मिनिटं शांतता पाळली, संपला विषय! कुणाच्या पोटच्या पोरीची किंमत एवढीच.

तर सर हॉलमध्ये शिरले. "हॅलो, हॅलो" केलं. आवाज ठीक होता. माईक बंद केला. एवढ्यात मागं दार लागलं. हळूच.

"भिमा?"

...

सरांनी दार ढकललं. हलेना. खांदा लावला. हलेना. मोबाईल बाहेर गाडीत राहिलेला. आणि मग, बंद माईकातून...

"सर... माजी गाडी जाईल वो..."

दोन्ही हातांनी दार बडवत सर ओरडले, "भिमा, उघड! मला घरी जायचंय रे!"

मग त्याच माईकातून, शांतपणे...

"बसा खाली, सर."

सर बसले. पहिल्या रांगेत. रात्रभर.

पहाटे भिमा झाडायला आला, तेव्हा ते तसेच बसलेले. सरांनी त्याच दिवशी नोकरी सोडली. दाराचं मात्र मला भिमानं सांगितलं. "कुलूप नव्हतंच वो," म्हणाला. कडी सरकवलेली आणि कोयंड्यात नुसता एक गुलाब खोचलेला. त्यानं तो दोन बोटांनी काढला, तशी कडी निघाली.

देठ हिरवागार होता. पाकळ्या ताज्या.