माझ्या किलकारीची जागा

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी बसलेली नाही. ज्याला पटत नसेल त्याने रविवारी हायफील्डला यावं आणि माझ्या शेजारी उभं राहावं.

दुपारी यावं.

हो, दुपारी. भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात, मला माहीत आहे. माझी लख्ख उन्हातली आहे. गेल्या ऑगस्टमधला रविवार, हरारे शहर, हायफील्ड वस्तीतला म्वेंजे बिअर हॉल. बाहेर धुळीचा वारा सुटला होता.

कारण इथे वाजवणारा बँडच दुपारचा होता. नाव 'नाइट ड्यूटी'. पाचही जण टायरच्या कारखान्यात रात्रपाळीला. रात्र मालकाची, रविवारची दुपार त्यांची.

मेल्यावरही त्यांनी पाळी बदललेली नाही.

मी लोकाडिया. शहाऐंशी साली शाळेचे गणवेश शिवायचे आणि रविवारी नाचायचे. 'नाइट ड्यूटी'ला एकाही रेकॉर्ड कंपनीने दारात उभं केलं नाही. म्हणाले, गाणी फार लांब, गिटार फार. मग त्यांनी स्वतःच कॅसेटी भरल्या आणि पावाच्या पिशवीत घालून बस स्टँडवर विकल्या. आता परदेशातून लोक फोन करतात. कॅसेट आहे का, कव्हर आहे का, फोटो आहे का. मी विचारते, तेव्हा कुठे होतात?

एकच कॅसेट उरली आहे. जायरोसची.

जायरोस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण गेली. आमच्याकडे मेव्हणीला 'धाकटी बायको' म्हणायची मुभा असते, आणि जायरोस ती एक दिवस वाया घालवत नाही. शहाऐंशीतल्या एका रविवारी त्याने इथेच टेपरेकॉर्डर ड्रमपुढच्या रिकाम्या क्रेटवर ठेवला होता. त्यामुळे कॅसेटवर बँडपेक्षा आम्हीच जास्त आहोत. ज्याला त्याला आपली जागा पाठ.

सुरुवातीला जायरोसचा खोकला. मग माझी नणंद स्पिवे ओरडते, "परत वाजवा." मग बाकी वाद्यं थांबतात, गिटार एकटी राहते…

आणि माझी किलकारी. जीभ नाचवत, लांब, छपरापर्यंत.

तिच्या पाठोपाठ दाराकडून दोन बोटांची शिट्टी.

तो फिनिअस. तेव्हा मी त्याला ओळखत नव्हते. शिट्टी कुणाची म्हणून वळून पाहिलं, एवढंच. त्या वळून पाहण्याचा संसार झाला.

थांबवा.

■

नव्वदनंतर बँड गेला. एकामागून एक. आजाराचं नाव मातीच्या वेळी कुणी घ्यायचं नाही. "बरेच दिवस बरं नव्हतं," एवढंच म्हणायचं.

मग फिनिअसला बरेच दिवस बरं नव्हतं.

माती झाली. लोक गेले. मी कॅसेट लावली. गिटार एकटी राहिली. माझी किलकारी आली. आणि…

……………

शिट्टी नव्हती.

गिटार होती. लोकांचा गलका होता. पडलेल्या दातासारखी एवढीच जागा रिकामी.

"टेप झिजते गं," जायरोस म्हणाला.

"झिजायला माझ्या नवऱ्याचीच शिट्टी सापडली?"

त्याने कॅसेट काढून फुंकर मारली.

नंतर कुणाचं हसू गेलं. कुणाच्या बाटलीचा किणकिणाट. प्रत्येक मातीनंतर एक आवाज. जायरोसच्या पोराने सगळं फोनमध्ये भरून घेतलं, तर फोनमधूनही जायला लागले.

बँडची मात्र एक तार हलली नाही. पाचही जण मातीत, आणि वाजवतात पूर्ण. ऐकणारे तेवढे कमी होत चालले.

"कमी कुठे होतायत," जायरोस एकदा म्हणाला. "तिकडे जातायत. कार्यक्रम आता तिकडे आहे."

गंमत म्हणून म्हणाला. हसलं कुणी नाही.

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. दर रविवारी हॉलमध्ये जमायचं, कॅसेट लावायची, आणि आपला आवाज आला की शाळेतल्यासारखं म्हणायचं, "हजर."

रडायला नाही. हजेरी लावायला.

■

पुढे.

गेला ऑगस्ट. हॉल सकाळी एका चर्चला भाड्याने दिलेला, दुपारी आमचा. त्या दिवशी प्रार्थना संपली तरी पास्टर ग्वाटिद्झो थांबून राहिला. माझ्या मुलाच्या वयाचा. दाराशी उभा.

"माई, ही शेवटची वेळ. पुढच्या रविवारपासून दिवसभर हॉल आमचा. मेलेल्यांचं संगीत देवाच्या घरात नको."

"देव यायच्या आधी इथे बिअर होती, बाळा," स्पिवे म्हणाली. "भिंत चाटून बघ. अजून आंबट लागेल."

जायरोसने बटण दाबलं. बिअरचा मग हातोहात फिरायला लागला.

खोकला आला.

"हजर," जायरोस.

"परत वाजवा" आलं.

"हजर, आणि आवाज अजून तसाच आहे," स्पिवे.

ड्रम थांबला. बास थांबला. गिटार एकटी राहिली. मी "हजर" म्हणायला तोंड उघडलं…

……………

काहीच नाही.

गिटार पुढे निघून गेली.

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्यावरूनच कळलं, सगळ्यांनी ऐकलं होतं.

आजवर आधी माती, मग शांतता. या वेळी शांतता आधी आली.

"बॅटरी उतरली असेल, लोकाडिया," जायरोस म्हणाला.

लोकाडिया. धाकटी बायको नाही. मी तेव्हा घाबरले.

पास्टर पुढे आला. त्याला कॅसेटबद्दल माहीत असावं, वस्तीत कुणाला माहीत नाही? "माई, ती माझ्याकडे द्या. मी प्रार्थना करून जाळतो. तिची पकड सुटेल. मला या आठवड्यात तुम्हाला पुरायचं नाहीये."

माणूस वाईट नव्हता.

"जाळली तर वहिनी वाचेल?" स्पिवेने विचारलं.

"वाचतील."

स्पिवेने कॅसेट थांबवली, यंत्रातून काढली. भिंत चाटायला सांगणारी बाई, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "देऊन टाक, वहिनी. दादा गेला. आता तू नको."

खोटं कशाला बोलू, मी हात पुढे केला होता. द्यायलाच.

मग मनात आलं, ही जळली की ते पाच जण कुठे वाजवणार? आणि शहाऐंशीतलं ते दार जळेल. ज्या दाराशी तो उभा होता, ते दार तेवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक आहे.

"परत घाला, वन्सं," मी म्हणाले. "आणि मागे घ्या."

"वहिनी…"

"माझी जागा आहे ती. यंत्राकडे नसेल. माझ्याकडे आहे."

मागे घ्या.

■

ड्रम थांबला. बास थांबला. गिटार एकटी राहिली.

मी कवळी काढून रुमालात ठेवली आणि किलकारी दिली.

शहाऐंशीसारखी नव्हती. मध्येच फाटली. मी तुटलेल्या जागेवरून पुन्हा उचलली आणि छपरापर्यंत नेली. पत्रा झणझणला. जायरोस दचकला आणि त्याने बटण दाबलं. कॅसेट थांबली. आतली चाकं थांबलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

हॉल शांत.

आणि मग…

दाराकडून…

दोन बोटांची शिट्टी.

स्पिवेच्या हातातला मग पडला. "दादा," ती हळूच म्हणाली. ओरडली नाही. जेवायला हाक मारावी तशी म्हणाली.

पास्टर पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला होता. त्याने मागे पाहिलं. ऊन होतं, धूळ होती. माणूस नव्हता. तरी तो एक पाऊल बाजूला सरकला. आत येणाऱ्याला आपण वाट देतो ना…

तसा.

मी वळले नाही. एकदा वळले होते, त्याचा संसार झाला होता. आता वळले तर त्याच्याबरोबर तिकडे जावं लागेल. दाराकडे पाठ ठेवूनच बोलले.

"ऐकू आलं. पण मी येणार नाही. इतकी वर्षं थांबलास, अजून थांब."

■

तो आठवडाभर स्पिवे माझ्या खोलीत झोपली. उशाशी मुसळ घेऊन. "दादा आला तर त्याला काय मुसळ घालणार?" मी विचारलं. "लहानपणी घातलं होतं," ती म्हणाली.

मी मेले नाही.

पास्टर त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलत नाही. पण दुपार त्याने परत मागितली नाही. आता चर्च लवकर आटोपतं, आणि जाताना तो दार उघडं ठेवून त्याला दगड लावून जातो. का, ते मी विचारलं नाही.

कॅसेटवर माझी जागा अजून रिकामीच आहे. दर रविवारी मी ती भरते. जायरोस यंत्र थांबवतो, आम्ही सगळे श्वास धरतो, आणि शिट्टी येते. जायरोस पुन्हा मला धाकटी बायको म्हणायला लागला आहे. म्हणतो, "नवरा दारात उभा आहे, तरी मी माझा हक्क सोडत नाही."

नवरा दारात नाही.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना शिट्टी ऐकू येते, पण म्हातारे कान, कुठून येते ते कळत नाही. मला कळतं. पहिल्यांदा ती दाराकडून आली. मग खांबापाशी. मग जिथे आम्ही नाचायचो त्या फरशीवरून.

गेल्या रविवारी माझ्या उजव्या कानाला लागून…

केस हलले.

मी वळले नाही.

उद्या रविवार. कवळीसाठी डबी घेतली आहे, रुमालातून पडते. किलकारी मी देणार. "हजर" मी म्हणणार. त्याने कमरेला हात घातला तर नाचणारही. पण नाचायचं ते इथे, म्वेंजेच्या फरशीवर, उन्हात. तिकडे नेऊन दाखवावं त्याने मला.

फक्त एकच वाटतं.

आमचा नाच म्हणजे… तिसऱ्या ठेक्याला जोडीदाराकडे वळावं लागतं.