हिरव्या शाईचं वशिंड

भट्टीच्या तापमानाचा कागद चोवीस तास सरकत असतो आणि प्रत्येक पाळीची शाई वेगळी. पहिलीची लाल, दुसरीची हिरवी, तिसरीची निळी. चूक कुणाची, हे लगेच कळावं म्हणून. भिलाईत १९६४ साली मी दुसऱ्या पाळीत होतो. केवलराम पहिलीत. त्याला सोल्डरिंग मीच शिकवलेलं.

त्यानं भिलाईजवळच्या कोहक्यातल्या आपल्या घरावर पत्र्याचा भोंगा उभारला आणि त्याला भट्टीवरच्यासारखंच, कागदावर रेघ काढणारं भंगारातलं पेन-यंत्र जोडलं. आकाशगंगेतला हायड्रोजन एकवीस सेंटिमीटरची लहर सोडतो, ती पकडायची. आकाशगंगा भोंग्यासमोर आली की कागदावरची रेघ बैलाच्या वशिंडासारखी फुगायची. जितकं उंच वशिंड, तितका वायू जास्त.

"दिवसाढवळ्या?" मी विचारलं.

"लहरीले उजेड का करते, शेषरावभाऊ? फक्त आकाशगंगा रोज चार मिनिटं आधी समोर येते."

माझी बायको कांता येताजाता त्याचं कौतुक करायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दक्षिणेतल्या एका वेधशाळेचे प्रोफेसर रविवारी चार वाजता येणार होते. रेघ फुगली तर केवलरामला तिथं नोकरी. जेवण झाल्यावर मी गुपचूप त्याच्या घरावर चढलो, भोंग्यातून पेनाकडे जाणारी तार काढली आणि खिशात घातली.

चारला वशिंड आलं. कधी नव्हतं एवढं मोठं. प्रोफेसरांनी केवलरामची पाठ थोपटली. मी खिसा चाचपला. तार होती. कोमट.

सोमवारी तीन छप्पनला माझ्या भट्टीची रेघ फुगली. भट्टी तशीच, तापमान तेच.

मंगळवारी तीन बावन्नला. मी तार लोखंडाच्या वितळलेल्या मळीत फेकली.

बुधवारी तीन अठ्ठेचाळीसला.

केवलराम दक्षिणेत नोकरीवर गेला. त्या रविवारनंतर बाविसाव्या दिवशी त्याचं पत्र आलं. ते मी ड्यूटीवर फोडलं.

"भाऊ, इथं लय मोठा भोंगा हाये. दुसऱ्याले वशिंड दिसते, मी बसलो का रेघ सरळ. नोकरी जाईन आता. तुमाले तिकडं काही दिसते का?"

दोन बत्तीस झाले होते. समोर पेन वर चढू लागलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पत्र मी भट्टीत टाकलं.

त्या दिवशी पेन खाली आलंच नाही.

पाळी बदलली. तिसऱ्या पाळीच्या पुंडलिकनं पेन धुतलं, निळी शाई भरली आणि कागदाकडे पाहत राहिला.

"शेषरावभाऊ, हे हिरवंच कावून लिहून राहिलं?"